कानवाल्याचं नाक

आमच्या दुकानात एका छपराखाली दोन कारभार चालतात. पुढच्या अर्ध्या भागात माझा नवरा गाड्यांमध्ये स्पीकर, प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवतो. मागच्या अर्ध्या भागात मी मशीनवर सीट कव्हरं शिवते. मधे एक पडदा आहे, तो फक्त भांडणाच्या वेळी ओढायचा. यांना सगळा रस्ता 'कानवाले' म्हणतो. मला कोणी काही म्हणत नाही, कारण माझी जीभ सगळ्यांना ठाऊक आहे.

कानवाले हे नाव उगाच पडलेलं नाही. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा ते माझ्याकडे कमी आणि छताच्या पंख्याकडे जास्त बघत होते. जाताना वडिलांना म्हणाले, "बेअरिंग जाणार आहे." तिसऱ्या दिवशी पंखा बंद पडला. वडील म्हणाले, मुलगा खरं बोलतो, देऊन टाकू. म्हणजे माझं लग्न एका पंख्याने जमवलं, आणि याचा टोमणा मी गेली एकतीस वर्षं यांना मारते आहे.

यांची खरी ख्याती शिट्टीची. गाडीत गाणी लावली की कधीकधी मागे एक बारीक, चिवट आवाज येतो. इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर असतो, त्याची कुरबूर कुठल्यातरी तारेतून थेट स्पीकरपर्यंत पोचते. पायाने इंजिन वाढवलं की शिट्टी चढते, सोडलं की उतरते. कारणं छप्पन. दुसरे लोक अर्धी गाडी उसवून बसतात. हे डोळे मिटून ऐकायचे आणि बोट ठेवायचे.

ऐकायचे, असं म्हणते, कारण तीन वर्षांपूर्वी ते बंद झालं. बंद गाडीत बसून मोठाले स्पीकर घुमवण्यात आयुष्य गेलं, त्याचं फळ. एका सकाळी उशाशी घड्याळाची बारीक पीप-पीप चालू होती आणि हे शेजारी बसून निवांत पेपर वाचत होते. मी हाक मारली तर लगेच "ओ" दिली. जाड आवाज सगळे पोचत होते, बारीक तेवढे गळत होते. त्याच आठवड्यात एक गाडी शिट्टी मारत असताना हे गिऱ्हाइकाला म्हणाले, "झालं, गेली." मी इतक्या जोरात खोकले की माझाच घसा बसला. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, "थांबा, अजून थोडी आहे."

तेव्हापासून आमचं ठरलं. म्हणजे बोलणं एका शब्दाचंही झालं नाही, पण ठरलं. पाय दाबायला म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं. हे मागे डिकीत वाकून काम करणार आणि आरशातून माझं तोंड बघणार. शिट्टी असेल तर माझ्या नाकाला सुरकुती, गेली की नाक सरळ. तीन वर्षांत माझं नाक एकदाही चुकलं नाही, आणि कानवाल्यांचं नाव होतं तिथेच राहिलं.

मग एके दिवशी दातांचे एक डॉक्टर आले. नुकतेच निवृत्त झालेले. चेहरा असा की हसतायत की रागावलेत ते त्यांच्या आईलाही कळलं नसतं. समोरचा टायरवाला चहाचा कप घेऊन मागोमाग आलाच. कुणाचं काही बिघडलं की तो आधी हजर, आणि संध्याकाळपर्यंत बातमी रस्ताभर.

"काय त्रास आहे?" यांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "चाळीस वर्षं मी लोकांना विचारलं, कुठला दात दुखतो? अर्ध्यांनी शेजारचा दाखवला. म्हणून मी तोंडच उघडणार नाही."

मी बसले, गाणं लावलं, पाय दाबला. शिट्टी सरसर चढली. माझं नाक आक्रसलं.

"अल्टरनेटर बोलतोय," हे म्हणाले. "कधीपासून?"

"दोन महिने."

मी मनातल्या मनात हिशेब केला. दोन महिन्यांपूर्वी याच गाडीची कव्हरं मी शिवली होती. मागची सीट कुरकुरते म्हणून डॉक्टरांनी तक्रार केली, तेव्हा मी सीटच्या बोल्टांखाली नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड चकत्या कापून घातल्या. कुरकुर गायब. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्यातल्या एका बोल्टाखाली अ‍ॅम्प्लिफायरची अर्थची तार अडकवलेली होती, हे पाहूनही त्याचा विचार केला नाही. तार परत लावली, पण नमद्याच्या वर. आता ती गाडीच्या पत्र्याला टेकणार कशी? जेमतेम बोल्टाच्या आट्यांतून टेकत असेल, आणि अर्थ कच्चा की शिट्टी आलीच. सीट काढण्याआधी मला सांगत जा, असं हे हजारदा बजावतात. त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं.

"अगं, कव्हरं घालताना मागची सीट काढली असशील ना तू? अर्थची तार नीट बसवलीस?"

"अहो, मी काय पहिल्यांदा करतेय का?"

हा काही होकार नव्हे, पण नवऱ्यांना तेवढ्यावर भागवायची सवय असते. तरी कसलेला माणूस तो. त्यांनी एक लांब जाड तार काढली, तिचं एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला आणि दुसरं पुढे बॉनेटमध्ये थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. या तारेने शिट्टी गेली तर दोष अर्थचा. नाही गेली तर दुसरीकडे शोधायचं. मग पुन्हा डिकीशी जाऊन म्हणाले, "दे पाय."

मी पाय दिला. शिट्टी साफ गेली होती. गाणाऱ्या बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

आणि मी नाक आक्रसलेलंच ठेवलं. लाज वाटली, हे आज कबूल करते. पण त्या घटकेला डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: हे चकती काढणार, टायरवाल्यासमोर नाचवणार आणि पुढचा महिनाभर मला ऐकवणार. माझा बेत साधा होता. यांनी प्लेअर उघडत बसावं, तेवढ्यात जेवायची सुट्टी होईल, मी हळूच चकती काढून टाकीन.

"अर्थ ठीक आहे," हे आरशात बघून ठामपणे म्हणाले. "आवाज होता तसाच आहे. प्लेअरमध्ये दोष दिसतो."

गाडीभोवती आणखी चार कान आहेत, हे मी विसरले होते.

"आहे?" न उघडायचं ते तोंड डॉक्टरांनी उघडलं. "अहो, कुठे आहे? तार लावल्यापासून गेलाय तो."

टायरवाल्याने खिडकीतून मुंडकं आत घातलं. "मलाही काही येत नाही ऐकू, कानवाले," तो गोड हसून म्हणाला. ते हसू मी दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं असतं.

हे आरशात माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. चुकताना मी त्यांना खूपदा पाहिलंय, चुकले की वर तोंड करून भांडतात. पण त्या वेळी त्यांनी नजर खाली नेली आणि हातातल्या पक्कडीकडे बघू लागले. दुसऱ्याच क्षणी मी दार उघडून बाहेर आले.

"पुरे करा आता!" मी खेकसले. "किती पाठीशी घालाल मला?"

डॉक्टर दचकले. त्याहून जास्त हे दचकले. मी पाना उचलला, मागची सीट उलटली, बोल्ट काढला आणि ती नमद्याची चकती सगळ्यांपुढे धरली.

"ही माझी अक्कल. कुरकुर घालवायला गेले आणि शिट्टी लावून ठेवली. तार जोडताच यांना कळलं, आवाज गेलेलाही ऐकू आला. पण बायकोची चूक गिऱ्हाइकापुढे कशी काढायची? म्हणून बसले 'आहे, आहे' म्हणत. विचारा, नसलेला आवाज कोणी शहाणा माणूस 'आहे' म्हणेल का?"

कोणी म्हणणार नाही, हे डॉक्टरांना पटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी चाळीस वर्षांत माझ्या कंपाउंडरची एकसुद्धा चूक स्वतःवर घेतली नाही," ते म्हणाले आणि यांचा हात हातात घेऊन दाबला. टायरवाला गार झालेला चहा घेऊन परत गेला. यांनी शेजारचा पत्रा रंग खरवडून लख्ख केला, तार तिथे नव्या बोल्टाने पक्की केली. डॉक्टर खूश होऊन गेले.

मग हे पडद्यामागे आले आणि माझ्या स्टुलावर बसले.

"खोटं छान बोललीस."

"कुठलं?"

"दुसरं." माझी कात्री उचलून म्हणाले, "पहिलं कशाला बोललीस?"

"तुम्ही हसाल म्हणून."

"हसलो असतोच. आठवडाभर हसलो असतो." ते कात्रीची उघडझाप करत होते. "पण मी तुझ्यावर विसंबलो होतो गं."

तीन वर्षांत या विषयावर ते पहिल्यांदाच बोलले. मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं.

दुपारी एक टॅक्सीवाला आला. तीच तक्रार, शिट्टी. टायरवाला रस्ता ओलांडून आला, डोळे यांच्यावर रोखून. मी मुकाट्याने पुढच्या सीटवर बसले आणि आरसा नीट केला. हे डिकीपाशी गेले, पण वाकले नाहीत. आरशाकडेही बघेनात. तिथूनच मोठ्याने म्हणाले, "अगं ए, मला हा बारीक आवाज तीन वर्षं झाली, ऐकू येत नाही. आणि तुझ्या नाकावर आता माझा भरवसा नाही. तोंडाने सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

टायरवाल्याने आ वासला. टॅक्सीवाल्याने एकदा दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे.

मी पाय दाबला आणि नीट कान देऊन ऐकलं.

"आहे," मी ओरडून सांगितलं. "चांगला मोठा आहे."

"बरं," हे म्हणाले, आणि त्यांनी लांब तार उचलली.