काटेमास्तरांची आई आणि वाळूची पिशवी

काटेमास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं. पण साधं किती वाजले विचारलं तरी ते आधी घड्याळ कसं चालतं ते सांगायचे, म्हणून गल्लीने त्यांना परस्पर मास्तर करून टाकलं होतं. धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. घराच्या पुढच्या खोलीत एका बाजूला त्यांचं बाक, दुसऱ्या बाजूला बायकोचं शिवणयंत्र. वाण्यांचे, भाजीवाल्यांचे, सोनारांचे काटे त्यांच्याकडे यायचे आणि खरं बोलायला शिकून परत जायचे. पितळी प्रमाण वजनांची एक पेटी होती. त्या वजनांना बोट लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणे. ती चिमट्याने उचलायची आणि मऊ कापडावर परत निजवायची.

हे सगळं धंद्यापुरतं राहिलं असतं तर बायकोची काही तक्रार नव्हती. पण मास्तर शास्त्र दुकानात काढून ठेवून घरात येणाऱ्यांतले नव्हते.

जेवणाचं टेबल डुगडुगत होतं. बायको म्हणाली, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला. मास्तर म्हणाले, "पुठ्ठा म्हणजे जमिनीला दिलेली लाच. जमीन वरखाली असू दे, टेबलाचे पाय सारखे असले की ते जागच्या जागी फिरवत जायचं. कुठे ना कुठे चारही पाय टेकतातच. गणिताने सिद्ध झालंय." आणि खरंच टेकले. तेव्हापासून टेबल खोलीत तिरपं उभं आहे, त्याचा कोपरा कपाटाच्या दाराला अडतो, आणि चमचा हवा असला तर आधी पाहुण्याला उठवावं लागतं. डुगडुगत मात्र नाही.

मुली लहान असताना केकच्या तुकड्यावरून भांडल्या, तर मास्तरांनी सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा काढला. वाऱ्याने फरक पडू नये म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आणि कण-कण इकडून तिकडे करत दोन्ही वाटे समसमान केले. तोवर केक वाळून खडखडीत झाला होता आणि मुली खेळायला निघून गेल्या होत्या. कपडे कधी वाळतील हे सांगायला ते ओला सदरा थोड्या थोड्या वेळाने तोलायचे, उडालेल्या पाण्याचा आलेख काढायचे आणि अगदी बिनचूक वेळ सांगायचे. ती वेळ होईपर्यंत बायकोने कपड्यांच्या घड्या घालून ठेवलेल्या असायच्या. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? शास्त्रात कधी चूक नसायची. बायकोची खरी पंचाईत तीच होती.

मग मास्तरांची आई न्हाणीघरात साबणावरून घसरली.

मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड चांगलं बसलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन पाय तपासून गेल्या. जाताना दारात थांबून मास्तरांना म्हणाल्या, "आता लगेच चालवायला लागा. अंथरुणात राहिल्या तर पायातलं बळ जाईल, आणि या वयात गेलेलं बळ पुन्हा येत नाही. मग त्या उठायच्याच नाहीत." मास्तरांनी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी लोखंडी वॉकर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, आणि आई मध्ये. आईने पाय टेकला, त्यावर भार दिला आणि किंचाळली. मास्तरांनी तिला तसंच उचलून पलंगावर ठेवलं. ते घामाने निथळत होते. आई डोळे मिटून म्हणाली, "उद्या बघू."

तो उद्या काही उजाडेना. आई उठायचं नाव घेईना आणि मास्तरही तिला उठ म्हणेनात. वॉकरचं नाव काढलं की ते सांगायचे, "वॉकरमध्ये भार मनगटांवर येतो. पडली तेव्हा तिचं मनगटही मुरगळलंय." हेही खरंच होतं. वॉकर कोपऱ्यात राहिला आणि बायको त्यावर टॉवेल वाळत घालू लागली. आई म्हणजे तीच बाई, जिने सगळ्या गल्लीची भांडणं मिटवली होती, भाजीवाल्याच्या काट्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता, स्वतःच्या लेकाच्या काट्यावरही नाही. ती आता भिंतीकडे तोंड करून पडून असायची. पायाची पोटरी दिवसेंदिवस सुकत चालली होती आणि ते मास्तरांना दिसत होतं.

एका सकाळी ते बाकावरून ताडकन उठले. "अगं, आपण उलटा विचार करतोय! पायात बळ आणायच्या आधी आईचं वजनच कमी करायला हवं."

"आधीच चार घास खातात कशाबशा," बायको म्हणाली. "ते पण बंद करता का?"

"जेवण नाही गं. वजन!" असं म्हणून ते शिडी आणायला धावले.

पलंगापासून पुढच्या खोलीच्या दारापर्यंत छताला जाड लोखंडी पाइप बसला. पाइपवरून सरकणारी एक गाडी, गाडीला दोन कप्प्या, कप्प्यांवरून दोरी. दोरीच्या एका टोकाला आई आणि दुसऱ्या टोकाला परसातल्या ढिगातली वाळू भरलेली पिशवी. जितकी वाळू, तितका आईचा भार पायांवरून कमी. काट्याची दोन पारडी असतात तसंच. मास्तर दोन्ही हात पसरून पारडी कशी वरखाली होतात ते दाखवत होते आणि त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता. बायकोने जाड कॅनव्हासची पिशवी आणि पट्टे शिवून दिले, पट्टे छातीला आणि मांड्यांना. शिवताना ती बरंच काही पुटपुटली, पण टाके दुहेरी घातले.

चाचणी अर्थातच बायकोवर झाली. उत्साहाच्या भरात मास्तरांनी पिशवी काठोकाठ भरली होती. ती सोडताच बायकोच्या टाचा उचलल्या गेल्या आणि पायाचे अंगठे तेवढे जमिनीला चिकटून राहिले.

"मला वर पाठवायची एवढी घाई झालीय का तुम्हाला?" ती ओरडली.

पलंगाकडून किती तरी दिवसांनी हसण्याचा आवाज आला. आई पलंगावर कोपर टेकून उठून बसली होती.

मग पिशवीत वीस किलो वाळू मोजून घातली. आईचं वजन अठ्ठेचाळीस. "म्हणजे पायांवर अठ्ठावीस," मास्तर पट्टे आवळत म्हणाले. "आई, तू आता नऊ-दहा वर्षांची पोर आहेस."

"मग शाळेत घालतोस की काय?" आई म्हणाली. तिने पाय टेकला. तोंड वाकडं केलं, पण किंचाळली नाही. दुसरा पाय टेकला. गाडी वर कुरकुरत सरकली, शेजारी वाळूची पिशवी डुलत निघाली आणि आई दाराच्या दिशेने अर्ध्या वाटेपर्यंत गेली. मास्तरांना गहिवरून आलं. त्यांनी ते लपवलं नाही, सरळ शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

त्या दिवसापासून रोज सकाळी हा सोहळा सुरू झाला. आईने पिशवीचं नाव सोबतीण ठेवलं. "चल गं सोबतीण," म्हणायची आणि निघायची. मास्तरांनी भिंतीवर तक्ता लावला. वाळू हळूहळू, अगदी वाटी-वाटीने कमी करायची, आईच्या पायाला कळूसुद्धा द्यायचं नाही. दुपारी मास्तर हत्यारांची पेटी उचलून बाजारातल्या दुकानांचे काटे बघायला जायचे. त्यांची चाल बघून वाटावं, काटे नाही, सगळं जगच दुरुस्त करायला निघालेत.

थोड्याच दिवसांत एक भानगड झाली. सकाळी आईला पट्टे बांधायच्या आधी मास्तर पिशवी तोलायचे. ती आदल्या दिवशी ठेवली त्यापेक्षा हलकी भरली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा तोलली. हलकीच.

"ओलावा," ते म्हणाले. "वाळूतलं पाणी उडालं." वाळू तक्त्याप्रमाणे पुरी केली, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून ती सगळी मोठ्या कढईत घालून चुलीवर खरपूस भाजून काढली. त्या कढईवरून घरात जे झालं ते न सांगितलेलं बरं. दुसऱ्या दिवशी कोरडी ठणठणीत वाळू आणखीच हलकी भरली.

"गळतीय कुठून तरी," मास्तर पिशवीची शिवण चाचपत म्हणाले.

बायकोने शिवणयंत्र थांबवलं. "माझ्या शिवणीतून पाणी गळायचं नाही. वाळू गळते म्हणताय?"

मास्तरांनी विषय वाढवला नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला कुठे थांबावं ते कळतं. जमिनीवर खडाही सांडलेला नव्हता हेही खरं. त्यांनी रोजच्यासारखी वाळू पुरी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. आदल्या दिवसापेक्षा जास्त कमी.

आता संशय घ्यायला एकच जागा उरली होती आणि तिथे बोट ठेवायला मास्तरांचा हात धजेना. पण शास्त्र म्हणजे शास्त्र. त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, पितळी वजनांची पेटी उघडली आणि चिमट्याने एकेक वजन उचलून स्वतःचाच काटा तपासला. परक्याचा तपासतात तसा, तोंडावर काही न दाखवता. काटा खरा होता. मास्तरांना हायसं वाटलं आणि लगेच घाबरायला झालं, कारण काटा खरा तर मग वाळू जात होती कुठे? पुरवणीची वाळू ते रोज परसातूनच आणत होते, पण ढीग कमी कसा होत नाही हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पुढच्या सकाळी ते पिशवी तोलायला गेले तर दोरीच्या टोकाला नुसतं कापड लोंबत होतं. पिशवी रिकामी होती. आत चिमूटभरही वाळू नव्हती.

ते पिशवी हातात घेऊन बायकोसमोर उभे राहिले. ती सुईत दोरा ओवत होती. वर न बघताच म्हणाली, "आईंना विचारा."

आई पलंगाच्या कडेला बसली होती, केस विंचरून, पाय जमिनीला टेकवून.

"मीच काढायला लावते," ती म्हणाली. "तू दुपारी बाजारात गेलास की सूनबाई पट्टे बांधते. दोन मग वाळू काढून परत ढिगात टाकायची आणि चालायचं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन मग. काल म्हटलं, सगळीच काढ. तू मेल्या रोज सकाळी परत भरून ठेवतोस. सकाळी तू मला तरंगवतोस आणि दुपारी मी चालते."

"अगं पण तक्ता..."

"तक्त्यात अजून पंधरा किलो वाळू आहे. मला वाचता येतं."

मास्तर खुर्चीत बसले. "मग मला सांगितलं का नाहीस?"

आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनाच नजर खाली घ्यावी लागली.

"पहिल्या दिवशी मी किंचाळले ना, तेव्हा दुखलं मला. पण तुझं तोंड बघितलं मी. पांढरंफटक. नंतर एकदाही मला म्हणाला नाहीस, की आई, उठ. मी उद्या बघू म्हटलं ते तुझ्याकडे बघून म्हटलं रे. पडायची भीती माझ्यापेक्षा तुलाच जास्त. मग तू हे सगळं टांगलंस, आणि तुझा चेहरा परत माणसात आला. म्हटलं, चालू दे. मी उभी राहीन माझी, पण आधी याला उभं करायला हवं."

बायको शिवण बाजूला ठेवून दाराशी आली होती. मास्तर घर्षणाबद्दल काहीतरी पुटपुटले. त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"चल," आई म्हणाली. "आज पट्टे पण नकोत."

"पट्टे राहू देत," मास्तर झटकन उठले. "पिशवी नको, कबूल. दोरीचं टोक मी धरतो. नुसतं धरतो."

आईने सुनेकडे बघितलं. सुनेने खांदे उडवले. "बरं बाबा, बांध," आई म्हणाली.

पट्टे बांधून झाले. मास्तरांनी दोरीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. आई उठली. दुखऱ्या पायावर जरा थांबली, मग निघाली, थोडी लंगडत, पण बाजारात घासाघीस करायला जायची तशी हनुवटी वर करून. गाडी वर कुरकुरत तिच्यामागून सरकत होती. तिची रोजची अर्धी वाट मागे पडली. उंबरठ्याशी तिने चौकटीला हात लावला, पाय उचलून पलीकडे टाकला आणि पुढच्या खोलीत शिवणयंत्राजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. बसल्यावर दमून मोठ्याने हसली.

दोरी सगळा वेळ ढिली होती. तिला मध्ये झोळ पडला होता. ढिल्या दोरीवर कसलाच भार नसतो, हे त्या घरात कुणाला कळत असेल तर ते काटेमास्तरांना. त्यांनी काही म्हणजे काहीही उचलून धरलेलं नव्हतं.

तरी त्यांच्या मुठी उघडेनात. आई खुर्चीत बसून पाणी प्यायली, त्यांना हाक मारून झाली, तरी ते दोरी धरून तिथेच उभे. शेवटी बायको पुढे आली आणि तिने त्यांचं एकेक बोट हलकेच सोडवलं.