कोरड्या डोळ्यांचं सुतक

आईचा मोतीबिंदू परभणीला काढला तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. नंतर तिला इतकं लख्ख दिसायला लागलं, की आमच्या हट्टा गावातल्या ओट्यावर बसून ती वसमतच्या बाजारातली किडकी हळद ओळखायची. खोटं वाटत असेल तर वाटो. पण डोळ्यांतलं पाणी मात्र आटलं. पापणी लवली की आत वाळू खरखरायची. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं असं. ओल्या फडक्याच्या घड्या ठेवा, धुरापासून जपा.

त्यातच डोंगरकड्याचे थोरले मामा गेले. आमच्यात बहिणीनं शिवेपासून हंबरडा फोडत यायचं अन् दारात भावजयीच्या गळ्यात पडून रडायचं. आई तशीच आली. तिच्या हंबरड्यानं दावणीचे बैल थरथरले, पार कळमनुरीची कुत्री भुंकली. पण टिपूस नाही! गळ्यात पडलेल्या बाया रडता रडता तिचे गाल चाचपून बघत होत्या.

शेवटी धाकटी मामी बोललीच, "वन्सं, घसा तर लई मोठा तुमचा. डोळे काहून कोरडे?"

"डोळे कापलेत गं माझे. पाणी येत न्हाई."

"दिसायला येतं अन् रडायला न्हाई? भारीच इलाज म्हणायचा! भावासाठी एक टिपूस न्हाई, तर दहाव्याला तरी कशाला येता?"

बायांनी माना डोलावल्या. दहाव्याला येऊ नका म्हणजे माहेर तुटलं. आई खांबाला टेकून मटकन खाली बसली.

माझं टाळकं सणकलं. दुःख मोजायला यांनी गालांना पन्हळी लावल्या होत्या काय? मी ओरडलो, तर म्हणाल्या, बायांच्यात बोलू नको. मग बोललो नाही. अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. कोनाड्यातल्या ओंजळभर लाल मिरच्या उचलल्या अन् त्या चुलीत घातल्या.

काय धूर उठला! सख्ख्या बापाला न रडलेला पोलीस पाटील धाय मोकलून रडला. भिंतीवरच्या पाली शिंकल्या. धाकट्या मामीची चोळी डोळ्यांच्या पाण्यानं भिजली.

"आता कोणासाठी रडून राहिल्या, मामी? मिरचीसाठी?"

मामीनं आईची हनुवटी वर केली. डोळे लालभडक, निखाऱ्यासारखे, अन् ठणठणीत कोरडे.

"अगं बाई, खरंच येत न्हाई की!"

तिनं घागरीत पदर बुचकळून आईच्या डोळ्यांवर धरला. पाणी गालांवर ओघळलं. अन् त्या बाया, ते ओले गाल बघून समाधान पावल्या अन् नव्या दमानं गळा काढायला लागल्या! त्या क्षणी मला आणखी एक पोतं मिरच्या हव्या होत्या.

आईनं पदर बाजूला सारला. गालांवरचं पाणी खसकन पुसलं.

"दहाव्याला मी येईन," ती म्हणाली. "अशीच येईन."

मामीनं ओला पदर पिळला अन् हळूच म्हणाली, "या, वन्सं."