भोंगा चालू राहिला त्या दिवशी

वडशात वहाबभाऊंचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. हिवाळाभर ते ऑटोला भोंगा बांधून नाटकांची जाहिरात करत फिरतात. नाटकं संपली की हरवलेली म्हैस, बंद राहणारे नळ, साड्यांचा सेल, जे मिळेल ते. तीस वर्षं बोलताहेत, पण स्वतःचं मत म्हणून एक अक्षर त्यांनी कधी भोंग्यातून काढलं नव्हतं.

गेल्या एप्रिलात वॉर्डातल्या लोकांनी त्यांना काम दिलं. आठवडी बाजाराच्या टिनाच्या शेडात पाच-सहा बेघर माणसं राहू लागली होती. त्यांचं काय करायचं, यावर रविवारी सभा होती. वहाबभाऊ सांगत निघाले, तर वळणावळणावर लोक ऑटो अडवून त्यांनाच मतं सांगू लागले. एकाच्या मते शेडात घाण होत होती. त्याची शेजारीण म्हणाली, घाण त्यांची नाही, नालीची आहे, आणि नाली दोन वर्षांत कोणी उपसली नाही. किराणावाल्याला शेड रिकामं हवं होतं. फक्त रोज त्याच्या दुकानापुढं झाडू मारणारा लच्छू तेवढा राहिला तर त्याची हरकत नव्हती. वहाबभाऊ माईक बंद करून प्रत्येकाला मान डोलवत पुढं सरकत होते.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या बापूरावांनी त्यांना थांबवून हातात चहाचा कप दिला. कप सांभाळण्याच्या नादात माईक बंद करायचं राहून गेलं.

"हाकला त्यायले," बापूराव म्हणाले. "पन माझं नाव नको सांगू. त्यातल्या अंजनाबाईनं माझ्या पोरीच्या लग्नात तीनशे मानसायचा सैपाक केला. तिच्या तोंडावर मी कसा बोलू?"

गल्लीच्या पार टोकापर्यंत हे ऐकू गेलं. बापूरावांची बायको रुखमा कपाळावर हात मारत बाहेर आली. वहाबभाऊंना भोंग्यासकट जमिनीत शिरावंसं वाटलं. तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती.

थोड्याच वेळात अंजनाबाई आली. हिवाळ्यात ती नाटक कंपन्यांचा सैपाक करायची. भाड्याची खोली मालकानं विकल्यापासून ती शेडात होती. ती भांडायला आली असं सगळ्यांना वाटलं, पण ती पायरीवर बसली.

"भाऊ, तोंडावर बोलाले काय जाते?" ती बापूरावांना म्हणाली. "मले का शेडाची हौस हाय? घरकुलाचा अर्ज घेऊन गेली, त जागेचा कागद आन म्हनते. जागा असती त मी शेडात काऊन झोपली असती?"

रुखमानं तिलाही चहा आणून दिला आणि नवऱ्याकडं असं पाहिलं, की ते खाली बघत बसले.

एरवी दहा माणसं जमायची त्या सभेला रविवारी सत्तर जण आले. बापूराव सगळ्यांत आधी उठले. हाकला म्हणणारा मीच, हे त्यांनी कबूल केलं आणि म्हणाले, वॉर्डाच्या सभागृहामागच्या दोन खोल्यांत मोडक्या खुर्च्या पडून आहेत, त्या खोल्या या लोकांना द्या. यावर बरीच खडाजंगी झाली. एकदा घुसले की निघणार नाहीत, असं काहींचं म्हणणं होतं. ते शेवटपर्यंत बदललं नाही. अखेर हात वर करायला सांगितलं. वहाबभाऊ कोपऱ्यात उभे होते. मतं पोचवणाऱ्यानं मत देऊ नये, असं त्यांना वाटायचं. पण या वेळी त्यांचा हात वर गेला. थोड्या फरकानं ठराव पास झाला.

खोल्या उघडल्या. पोरांनी खुर्च्या हलवल्या, त्याच धांदलीत नालीही उपसून घेतली. लच्छू तेवढा शेडातच राहिला. तिथं वारा चांगला लागतो म्हणे. घरकुलाच्या जागेसाठी वॉर्डानं सह्या करून दिलेला अर्ज तहसिलीत आहे.

अंजनाबाईचं सामान वहाबभाऊंनीच ऑटोतून नेलं. एक पेटी, भात शिजवायचे दोन मोठे गंज, एक लांब दांड्याचा झारा. खोलीत शिरल्यावर तिनं दार आतून लावून पाहिलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. बाहेर वहाबभाऊ गंज धरून वाट बघत उभे होते.