धिंगरीच्या काढ्यातलं जोडवं

माझा स्वभाव मुळातच संशयी. जीपमध्ये शेजारच्या बाईनं लेकराला बिस्कीट दिलं तरी मी आधी पुडा उलटून तारीख बघते. त्यामुळे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर "साखरेच्या गोळ्या सोडल्या, आता धिंगरी घेतो," असं सांगितलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी केजहून माहेरी, पालीला आले. मधुमेहामुळे जखम चिघळून त्यांच्या पायाचं एक बोट आधीच काढावं लागलं होतं. दुसऱ्या बोटाची पाळी येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

धिंगरी म्हणजे खायची अळिंबी. माझा आतेभाऊ ती पत्र्याच्या शेडमध्ये सोयाबीनच्या भुसकटावर पिकवतो. त्याआधी त्यानं कोरफड लावून पाहिली, त्याआधी ससे पाळून. ताज्या धिंगरीला गावात गिऱ्हाईक मिळेना. कुत्र्याच्या छत्र्या कोण खाणार? मग तो ती वाळवून, दळून डब्यांत भरू लागला. डब्यावर मधुमेहापासून केसगळतीपर्यंत सगळं लिहिलेलं. मला त्या डब्याचाच राग आला.

मी वाचूनही पाहिलं होतं. धिंगरीत बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो, त्यानं जेवणातली साखर रक्तात जरा सावकाश उतरते. कोलेस्टेरॉलच्या औषधासारखं काहीतरी असतं, तेही किंचित. उन्हात ठेवली तर ड जीवनसत्त्व वाढतं. भाजी म्हणून गुणाची, यात वाद नाही. पण गोळ्या सोडा, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

अण्णांना बीडला नेऊन रक्त तपासलं. साखर आटोक्यात! अण्णा छाती काढून म्हणाले, "लई शिकलीस न्हाई का तू?"

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. हा आतेभाऊ भुकटीत गोळ्याच कुटून घालत असणार. मी त्याला शेडमध्येच गाठलं. "आईशप्पथ ताई, निस्ती धिंगरी हाय," तो म्हणाला. इतक्या चटकन शपथ घेतली म्हणून माझा संशय आणखी बळावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले. आईच्या एका पायात जोडवं नव्हतं. अण्णा धडधाकट बाहेर बसलेले, आणि आईनं जोडवं काढलं? तेवढ्यात अण्णांसाठी उकळत ठेवलेल्या धिंगरीच्या काढ्यात तळाशी काहीतरी खडखडलं.

"नवा डबा आला की टाकते," आई म्हणाली. "इख असलं तर चांदी काळी पडती."

"आई, चांदी तर अंड्यानंही काळी पडते. त्यावरून काही कळत नाही."

"मग? जोडव्याला औशद कसं कळंल? ते मीच बगते," असं म्हणत तिनं खलबत्ता पुढं ओढला. त्यात पांढरी पूड होती. तिनं ती चिमटीनं काढ्यात सोडली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अण्णांच्या गोळ्या! मला हसू आलं, आणि भीतीही वाटली. "अगं, काही गोळ्या कुटायच्या नसतात."

"दवाखान्यात इचारलंय. तुझ्याआधी मीच गेलते."

मला तिचा अभिमान वाटला. घरातली संशयी मीच, असं मी उगाच समजत होते.

तिनं जोडवं धुऊन पायात घातलं आणि काढा अण्णांना नेऊन दिला. बाहेरच्या ओट्यावर शेजारचे काका बसले होते. त्यांनाही साखरेचा त्रास. अण्णा कप हातात घेऊन त्यांना सांगत होते, "सोडून द्या त्या गोळ्या. माझ्याकडं बगा की!"

आत वळलेली आई उंबऱ्यातच थांबली. इतके दिवस तिनं अण्णांच्या पायासाठी तोंड मिटून घेतलं होतं. आता पाय दुसऱ्याचा होता. ती आत येऊन खलबत्ता घेऊन पुन्हा ओट्यावर गेली.

"सोडा की भाऊजी," ती म्हणाली, "पन आदी तुमच्या मालकिनीला माझ्याकडं धाडा. गोळी किती बारीक कुटायची, ते दावते."

अण्णांनी खलबत्त्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि उरलेला काढा गपचूप पिऊन टाकला.