नावाचा रकाना

“चूक कोणाची?” असं कुणी विचारलं, की शालनताई खुर्ची मागे ढकलून उभी राहायची. “खंय आसा ता इचार. कोणाची ता नको,” म्हणायची आणि समोरच्याने प्रश्न बदलेपर्यंत बसायची नाही. समोर साहेब असला तरी. धारगळची बाई, पणजीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांत जुनी, आणि भीडभाड म्हणून कुणाची ती नाहीच.

दोष शोधणारं यंत्र तिनंच घडवलं. जुन्या दुरुस्त्या दाखवून त्याला शिकवलं; नवी तक्रार आली की कोडमधल्या कुठल्या ओळींवर संशय, ते क्रमाने सांगायचं. मग एकदा आम्ही केलेल्या बसच्या आरक्षणात एकच सीट दोघांना जाऊ लागली. पेडण्याच्या गाडीत प्रवासी हातघाईवर आले. यंत्राने पहिलं बोट माझ्या कोडच्या फाईलवर ठेवलं आणि साहेबाने मला दुसरी नोकरी बघायला सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडची रीत काय, तर दोष कुणाचाही असो, दुरुस्तीचं ठिगळ माझ्या फाईलमध्ये लावायचं, तिथं सोपं पडतं म्हणून. ठिगळं बघून शिकलेलं यंत्र, ते मलाच धरणार. शालनताईने सगळं ऐकून घेतलं. “भियाव नको गो,” म्हणाली आणि मला घेऊन साहेबाकडे गेली.

“साहेब, कौल मागताना प्रश्न वाकडो घातलो, तर देव तरी काय करतलो? यंत्र म्हणता, हयसून, ह्या ओळीपासून बघूक लागा. हिका काढा, असा खंय म्हणता?”

तिथंच बसून ती एकेक ओळ तपासत खाली गेली. दोष दुसऱ्याच फाईलमध्ये निघाला. कुणाच्या, ते तिने सांगितलं नाही.

साहेबाचं समाधान कसलं होतंय. “मग प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव दिसू दे. आजच.”

संध्याकाळी नावं दिसू लागली. सगळ्या ओळींपुढे एकच नाव, शालन.

“ह्या यंत्र मी चूक धरूक केलंय, माणूस धरूक नाय,” ती साहेबाला म्हणाली. “ आता काढा कोणाक काढूचा ता.”

काढलं तिलाच. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. माझेच भरून आले. डबा उचलून ती नेहमीच्या बसने घरी गेली. माझी नोकरी राहिली. साहेबाचा राग मला अजून येतो.

तिच्या जागी नवा माणूस आलाय. काल त्याने विचारलं, “नावाचा रकाना दुरुस्त करायला सांगितलाय. ही चूक कोणाची होती?”

मी खुर्ची मागे ढकलली.