मासा न खाणाऱ्या अप्पांचं जाळ्यांचं दुकान

आमचं जाळ्यांचं दुकान बंद होऊन दीड वर्ष झालं. तरी जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं की थांबतंच. "अप्पांचं ते आठवतंय का?" म्हणतं, आणि पाऊण तास जातो. एकातून दुसरं निघतं. हसायचं त्यात कमीच.

अप्पा म्हणजे दुकानाचे मालक. सोलापुरात समुद्र नाही, पण उजनी धरणाचं पाणी आहे. तिकडची माणसं जाळी, गळ, नायलॉनचा दोरा न्यायला आमच्याकडं यायची. सूतगिरणी सुटल्यावर मी तिथं लागलो, तो शेवटपर्यंत काउंटरलाच होतो.

*

अप्पांच्या घरात अंडंसुद्धा यायचं नाही. पण कुठल्या जाळ्यात कुठला मासा अडकेल, हे जाळ्याची भोकं नुसती बोटानं चाचपून सांगायचे. एकदा गळ घ्यायला आलेल्या एका हौशी साहेबांनी विचारलं, "चवीला कुठला बेस्ट, अप्पा?"

"ते खाणाऱ्याला इचारा," अप्पा म्हणाले. "मला फक्त त्याची मान किती जाड ते ठावं हाय."

*

एका उन्हाळ्यात धरण तळाला गेलं. महिनाभर एक जाळं खपलं नाही. आणि एक दिवस एका शेतकऱ्यानं एकदम आठ जाळी मागितली. मी खूश.

"पाणी आलं व्हय?" अप्पांनी विचारलं.

"कुटलं पाणी? पाखरं द्राक्षं खात्यात. बागेवर टाकतो."

तो गेल्यावर अप्पांनी पैसे गल्ल्यात टाकले. मग मला म्हणाले, "मासं संपलं. आता पाखरं."

*

म्हादू आणि त्याची बायको सुभद्रा दरवर्षी जोडीनं यायची. उजनीकाठचीच. जाळं ताणून, उजेडात धरून बघायची ती. म्हादू बाकड्यावर चहा प्यायचा. "घर तिचं, जाळं तिचं. माजी फकस्त होडी," म्हणायचा.

एका वर्षी वारं सुटलं आणि त्याची होडी उलटली. आम्हाला पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याच्या गावचे चौघे जीप घेऊन आले. सगळ्यात मोठे गळ मागितले, डझनभर.

अप्पा डबा काढता काढता म्हणाले, "एवढा केवढा मासा गावलाय?"

त्यातला म्हातारा म्हणाला, "मासा न्हाय, अप्पा. म्हादू हाय."

अप्पांनी गळ स्वतः दोराला बांधून दिले आणि त्यांच्याच जीपमधून गेले. दुपारी तळाशी गळ फिरवताना म्हादू सापडला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मोठ्या गळांचा डबा काउंटरखाली सरकवला. "कुणी मागितलं तर न्हाईत म्हणायचं." पुढं कितीतरी जणांनी मागितले. मी 'न्हाईत' म्हणायचो, आणि डबा माझ्या पायाला लागत असायचा.

*

वर्षभरानं सुभद्रा आली. एकटीच. जाळं मागितलं.

"होडीत कोण जाणार?" अप्पांनी विचारलं.

"मीच की. होडी हाय तोवर भागंल."

"पवायला येतं?"

"न्हाय."

"मग माज्याकडनं जाळं मिळणार न्हाय, अक्का. दुसरं दुकान बघ."

ती गेली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दोन तासांनी अप्पाच म्हणाले, "जा की."

"दुसरीकडनं घिऊन गेले, तर तुमाला घास उतरंल का?"

अप्पा उठले. नवं जाळं काढलं आणि खाली मांडी घालून त्याला फ्लोट बांधायला बसले. जाळ्याची वरची कड पाण्यावर धरून ठेवतात, ते पांढरे फ्लोट. हाताहाताच्या अंतरावर एक लावतात. अप्पा वितीवितीवर लावत होते. दुकानातले संपले, तेव्हा मला गोदामात पाठवून आणखी पोतंभर मागवले. खालची कड बुडवायला लावतात ते शिशाचे मणी मात्र डब्यातच राहिले.

सुभद्रा जवळ येऊन उभी राहिली. जाळं ताणून बघितलं. "अप्पा, एवढं लावल्यावर ह्ये बुडंल कसं?"

अप्पांनी मान वर केली नाही.

"नको बुडू दे," म्हणाले, आणि पुढची गाठ मारली.