पगाराचे टॉवेल

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे, आणि कुठं ऱ्हस्व कुठं दीर्घ याची मला कधीच खात्री नसते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण जे लिहायचं आहे ते मला तोंडानं बोलता येत नाही. चार माणसं जमली की माझा आवाज घशातच राहतो. परवा गिरणीत दळणाच्या रांगेत बायका आमच्या जुन्या मालकांबद्दल बोलत होत्या. "देवमाणूस," एक म्हणाली. दुसरीनं मान डोलावली. मी दळण घेतलं. डबा डोक्यावर घेऊन घरी आले, आणि लेकीची एक अर्धी कोरी वही होती ती पुढं ओढली.

मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. नवा टॉवेल हातात आला की अण्णा तो गालाला लावायचे आणि डोळे मिटायचे. बाकीचे मालक माल काट्यावर टाकून बघतात, अण्णा गालावर बघायचे. दाढी वाढलेली असली तर मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचे. एखादा खरखरीत लागला की म्हणायचे, "हे लेकराला टोचंल की अम्मा. परत धुवायला टाका." तो माल जायचा परदेशात. तिथल्या कुठल्या अनोळखी लेकराच्या अंगाला काय टोचेल, याची त्यांना काळजी. तेव्हा मला याचं कौतुक वाटायचं.

आमचा कारखाना पत्र्याचा, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला. आत माग खडखडायचे आणि बाहेरच्या खोलीत आम्ही शिलाईच्या बायका. मागावरून टॉवेलचा लांबच लांब पट्टा यायचा. तो कापायचा, कडा दुमडून शिवायच्या, सुटलेले दोरे कापायचे, घडी घालायची. माझ्या शेजारच्या मशीनवर शमीमभाभी. ती बोलायची आणि मी ऐकायची, अशी आमची जोडी होती. अण्णांच्या घरची भाषा तेलुगू. त्यांची थोरली लेक माझ्या वयाची, तरी ते मला अम्मा म्हणायचे. शमीमभाभीलाही अम्मा, झाडणाऱ्या म्हातारीलाही अम्मा.

आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आपलीच माणसं की."

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की प्रत्येकीला ब्लाउजपीस आणि पेढा हातात देताना हेच. माझा नवरा मार्केट यार्डात पोती उचलायचा. पोत्यांची थप्पी कोसळून त्याचा पाय मोडला, तेव्हा अण्णा स्वतः सिव्हिल हॉस्पिटलात आले. हातात इडलीचा डबा. खाटेजवळच्या स्टुलावर बसले, नवऱ्याला स्वतःच्या हातानं चटणी वाढली. नर्सनं विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" अण्णा म्हणाले, "आपलीच माणसं की." मी पदर तोंडाला लावून रडले. हे मी लपवत नाही. डबा खरा होता, इडल्याही खऱ्या होत्या.

पण त्या वाक्याची दुसरी बाजू मला पुढं कळली.

सूत महागलं. परदेशातून येणारे पैसे लांबायला लागले. माल जहाजात चढायचा आणि पैसे महिनोन् महिने उतरायचे नाहीत. अण्णांनी आमच्यापासून काही लपवलं नाही, तेवढं म्हटलं पाहिजे. एका शनिवारी, पगाराच्या वेळेला, ते आमच्या खोलीत येऊन टॉवेलच्या गाठोड्यावर बसले.

"सूतवाला रोख मागतो," ते म्हणाले. "लाईटवाला तार तोडतो. बँक दाराला कागद चिकटवते. आणि मुंबईचा एजंट म्हणतो, तिकडं माल उठत न्हाय, थांबा. मग तुमीच सांगा अम्मा, माझ्यासाठी थांबणारं कोण हाय?"

त्यांनीच उत्तर दिलं. "तुमीच की. आपलीच माणसं."

शमीमभाभी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "अण्णा, हमको बी पराया समजो. फिर पगार तो मिलेंगा."

सगळ्या हसल्या. सगळ्यात जास्त अण्णा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मग अर्धा पगार देऊन गेले.

तुम्हीही असे मालक पाहिले असतील. चांगले. घरच्यासारखे. जो दम देतो त्याला आधी पैसे, जो दारात येऊन ओरडतो त्याला त्याच्यानंतर, आणि जे खाली मान घालून काम करतं ते आपलं, ते थांबेल. आमच्या गप्प बसण्यावर कारखाना चालला होता. बँकेनं व्याज तरी लावलं असतं. आम्ही तेही लावलं नाही.

शेजारच्या कारखान्याच्या मालकानं त्याच सुमारास निम्मे माग बंद केले आणि निम्म्या बायकांना काढलं. अण्णा आम्हाला म्हणाले, "कसाई हाय तो. मी माझ्या एका बी माणसाला काढणार न्हाय." आम्हाला बरं वाटलं. आज मात्र डोकं तापतं. त्या कसायानं काढताना प्रत्येकीचा हिशोब हातात दिला होता. त्या बायका दुसरीकडं शर्ट-पँटच्या शिलाईला लागल्या, कुणी मेसमध्ये चपात्या लाटायला लागली. आम्हाला कुणी काढलं नाही म्हणून आम्ही लटकत राहिलो. सोडून जावं तर मागचा पगार बुडेल ही भीती, राहावं तर नवा पगार नाही. अण्णा तोट्याची ऑर्डरसुद्धा घ्यायचे. "माग थांबला की गंजतो अम्मा," म्हणायचे. माणूस थांबला की त्याचं काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

माझी लेक सुनंदा त्या वर्षी बारावी झाली. नर्सिंगला तिचा नंबर लागला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नाही. फीचा पहिला भाग ठरलेल्या दिवसापर्यंत भरायचा होता, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार. अण्णांकडं माझा पगार तुंबलेला होता, त्यात ती फी बसत होती. कर्ज नको होतं, उपकार नको होते, माझेच पैसे हवे होते. तरी अण्णांच्या खोलीत जायचं धाडस गोळा करायला मला कितीतरी दिवस लागले. शेवटी शमीमभाभीनं पाठीला हात लावून आत ढकललं.

"अण्णा, सुनंदाचा नर्सिंगला नंबर लागला," मी म्हणाले. "फी भरायची हाय. माझा मागला पगार..."

अण्णा खुर्चीतून उठलेच. "नर्स होणार? आपल्या कारखान्याची लेक नर्स होणार?" त्यांनी माग बंद करायला लावले. सगळ्यांना बाहेर बोलावलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणवले, तेही उधार. माझ्या हातावर पेढा ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्या मला सुई टोचायला हीच येणार बघा."

माणसं हसली, टाळ्या झाल्या. मी पेढा धरून उभी. गर्दी पांगल्यावर मी पुन्हा म्हणाले, "अण्णा, पैशाचं..."

"शनिवारी. आपलीच माणसं की."

शनिवारी आम्हाला पैसे मिळाले नाहीत. टॉवेल मिळाले.

परदेशातली एक ऑर्डर रद्द झाली होती, तो सगळा माल पडून होता. अण्णांनी प्रत्येकीच्या राहिलेल्या पगाराचे टॉवेल मोजून गाठोडी बांधून ठेवली होती. तोंडावर असा आनंद, जणू लग्नाचा आहेर वाटत होते. "बाजारात याला लई भाव हाय अम्मा. विका, पगार वसूल करा. वर काय सुटलं तर तो नफा तुमचाच. आजपासून तुमी बी मालक!"

त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना ते खरंच वाटत होतं. म्हणूनच जास्त राग येतो. लबाड माणसाला शिव्या तरी देता येतात.

दुसऱ्या दिवशी शमीमभाभी आणि मी भाजी मंडईच्या कडेला पोतं अंथरून बसलो. मला ओरडता येईना. ती ओरडायची, "लो टावेल, फॉरेन का टावेल, नरम नरम!" मी घड्या सारख्या करत बसायची. सकाळी दोन-चार गेले. मग बघते तर समोरच्या बाजूला आमच्याच पॅकिंगच्या बायका गाठोडं सोडून बसल्या. पलीकडच्या वळणावर मागावरची माणसं. सगळा कारखाना मंडईत उतरला होता, सगळ्यांकडं तोच टॉवेल, तीच किनार, तोच रंग. कुठं विकायचा, कितीला विकायचा, कुणी ठरवलंच नव्हतं. त्यांनी भाव उतरवला की आम्ही उतरवायचा. आम्ही उतरवला की त्यांनी. गिऱ्हाईक हुशार. एक बाई टॉवेल हातात घेऊन मैत्रिणीला म्हणाली, "थांब गं, संध्याकाळी अजून खाली येतील."

दुपारी टॉवेलचा एक दुकानदार आला. अण्णांचं जुनं गिऱ्हाईक, आमच्या कारखान्यात नेहमी यायचा. त्यानं टॉवेल उलटा केला, कोपऱ्यातलं लेबल बघितलं.

"हा अण्णांचा माल. मला देतात त्याच्या निम्म्या भावात तुम्ही रस्त्यावर विकताय? मग माझ्या दुकानात कोण येणार? मीही पोतं अंथरून बसू का तुमच्याशेजारी?"

तो फोन कानाला लावतच गेला. आठवडाभरात गावातल्या दुकानदारांनी माल परत पाठवला. परदेशवाले उशिरा पैसे द्यायचे, पण ही गावातली दुकानं रोख द्यायची. त्या रोखीवरच सूत यायचं. आमच्या पगाराचे टॉवेल वाटून अण्णांनी स्वतःच्या मालाचा भाव स्वतःच मोडला होता. एवढी वर्षं धंदा केलेल्या माणसाला हे दिसू नये?

त्या फोननंतर, त्याच संध्याकाळी अण्णा मंडईत आले ते स्कूटरवरून. आमच्यासमोर उभे राहिले. वाकून टॉवेल उचलला, सवयीनं गालाला लावला.

"एवढा मऊ माल अम्मा, एवढ्या स्वस्तात का देता?"

"अण्णा," शमीमभाभी म्हणाली, "पेट को पैसा लगता. टावेल पकाके खाऊ क्या?"

अण्णा माझ्याकडं वळले. "तू तरी सांगायचंस की ह्यांना. तू शाणी हायस."

तेव्हा एकदाच मी त्यांच्या तोंडाकडं बघून बोलले. "उद्या फीची खिडकी बंद व्हणार अण्णा. तितं टावेल घेत न्हाईत."

आजूबाजूच्या भाजीवाल्या बघायला लागल्या. अण्णांनी खिशात हात घातला. वरचा खिसा, आतला खिसा, पाकीट, होतं नव्हतं ते सगळं काढलं आणि आमच्याकडून स्वतःचेच टॉवेल विकत घेतले. स्कूटरच्या पुढच्या जागेत टॉवेलचा ढीग, मागच्या सीटवर ढीग. एक टॉवेल वाटेत पडला, तेही त्यांना कळलं नाही.

त्या पैशांत फी झाली नाही.

सुनंदाची जागा दुसऱ्या मुलीला गेली. ती रडली नाही, भांडली नाही. निकालाचा कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला आणि पुढच्या आठवड्यात शाळेच्या गणवेशाच्या शिलाईला जायला लागली. पुढच्या वर्षी मी फॉर्म भर म्हणाले, तर म्हणाली, "नको आई. आता हात बसलाय." एवढ्या लहान पोरीनं हे बोलावं. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

कारखाना बंद झाला. माग भंगाराच्या भावानं टेम्पोत चढले. अण्णा घरोघर जाऊन सांगायचे, "देणार. सगळ्यांचे देणार." माणसं तोंडावर व्हय म्हणायची आणि पाठ फिरली की हसायची. मग अण्णांची स्कूटर गेली. मग घर गेलं, असं कानावर आलं.

वर्ष उलटून गेल्यावर एका संध्याकाळी ते चालत आमच्या दारात आले. सदरा धुतलेला, पण इस्त्री नव्हती. मी बसा म्हणाले नाही. चहा विचारला नाही. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही, पण त्या दिवशी झालं.

"टावेलचे पैसे कापले न्हाईत अम्मा," ते म्हणाले आणि पाकीट पुढं केलं. "पूर्ण पगार हाय. आता तेलंगणात लेकीकडं चाललो."

तेवढ्यात सुनंदा कामावरून आली. केसांत दोऱ्यांचे तुकडे, ओढणीवर निळ्या कापडाची कसपटं. अण्णांनी तिला बघितलं. "लेक आता काय करते?" असं त्यांच्या ओठावर आलेलं मला दिसलं, पण त्यांनी विचारलं नाही. सुनंदा बाजूनं आत गेली.

"मोजून घे," अण्णा म्हणाले.

इतकी वर्षं अण्णांनी दिलेले पैसे मी कधी त्यांच्यासमोर मोजले नव्हते. तसं करणं बरं दिसत नाही, असं वाटायचं. त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून, त्यांना बाहेर उभं ठेवून, मी एकेक नोट मोजली. पैसे पूर्ण होते.